लाखेचा लेप आणि पालखीचा गोंडा : दोन उपेक्षित कादंबऱ्यांचे एकत्र वाचन

१

वाङ्मयाच्या इतिहासात लेखक विस्मृतीत जातात ते सामान्यतः दोन प्रकारांनी. काहींच्या कृती पुष्कळ वाचल्या जातात आणि अभिरुची पालटली की मागे पडतात. काहींच्या कृती मात्र वाचल्या जाण्यापूर्वीच एखाद्या सोयीस्कर विशेषणाखाली बांधून फडताळात ठेवल्या जातात. पुढच्या पिढ्या ते विशेषण वाचतात, कृती वाचीत नाहीत. आंग्ल कादंबरीच्या इतिहासात स्त्रियांच्या वाट्याला हा दुसरा प्रकार विशेषेकरून आला. इयन वॉट यांच्या १९५७ सालच्या सुप्रसिद्ध ग्रंथात कादंबरीचा उदय डिफो, रिचर्डसन व फील्डिंग या तिघांच्या आधारे सांगितलेला आहे. डिफोची पहिली कादंबरी येण्यापूर्वी तीस वर्षे, १६८८ साली, अ‍ॅफ्रा बेन हिचे 'ओरूनोको' प्रसिद्ध झाले होते. परंतु त्या उदयकथेत तिला प्रमुख स्थान मिळाले नाही. त्याच्याही आधी, १९४८ साली, लीव्हिस यांनी 'महान परंपरा' आखून दिली. तीत जेन ऑस्टिन व जॉर्ज एलियट या दोन स्त्रिया अग्रभागी आहेत हे खरे. तथापि परंपरा एकदा इतकी अरुंद आखली गेली की दोघींना मिळालेला मान हाच इतरांना वगळण्याचा आधार बनतो.

या स्थितीत पालट झाला तो मुख्यतः १९७० नंतर. १९७३ साली लंडनमध्ये 'विरागो' ही प्रकाशनसंस्था स्थापन झाली आणि १९७८ पासून तिने विस्मृत स्त्री-कादंबरीकारांची पुनर्मुद्रणमाला चालविली. अँटोनिया व्हाइट यांची 'फ्रॉस्ट इन मे' ही तीतील पहिली कादंबरी. एलेन शोवॉल्टर यांचा स्त्री-कादंबरीच्या परंपरेचा अभ्यास १९७७ साली, आणि जेन ऑस्टिनपूर्व कादंबरीकर्त्रींची गणती मांडणारा डेल स्पेंडर यांचा ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९९ मध्ये 'पर्सेफनी' व २०२० मध्ये ब्रिटिश लायब्ररीची स्वतंत्र माला यांनी हेच कार्य पुढे नेले. बार्बरा पिम हिचे उदाहरण तर या संदर्भात बोधप्रद आहे. सहा कादंबऱ्या प्रसिद्ध झालेल्या या लेखिकेचे हस्तलिखित १९६३ साली तिच्याच प्रकाशकाने परत केले. त्यानंतर चौदा वर्षे तिची एकही नवी कादंबरी बाहेर आली नाही; आणि १९७७ साली एका साप्ताहिकाने मागविलेल्या अभिप्रायांत दोन मान्यवरांनी तिला अन्यायाने उपेक्षित ठरविताच त्याच वर्षी तिची नवी कादंबरी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत जाऊन बसली. त्या चौदा वर्षांत तिच्या आधीच्या कादंबऱ्यांतील एक अक्षरही बदलले नव्हते.

या पुनरुज्जीवनाचे श्रेय जितके प्रकाशकांचे तितकेच सामान्य वाचकवर्तुळांचे आहे. विद्यापीठीय अभ्यासक्रमात शिरण्यापूर्वी ही पुस्तके घराघरांतून, महिन्यातून एकदा जमणाऱ्या मंडळींतून वाचली गेली. मात्र या प्रक्रियेने एक नवे विशेषणही निर्माण केले. 'स्त्रीजीवनाची कादंबरी' या नावाने जी ओळखली गेली, तिच्यातील विवाह, एकाकीपण, घर, मैत्री हे विषय तत्परतेने पाहिले गेले; राज्य, व्यापार, युद्ध हे विषय तिच्यात असले तरी ते पार्श्वभूमी म्हणून बाजूस राहिले. एका विशेषणातून सुटलेली कृती दुसऱ्यात अडकण्याचा हा संभव आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका कादंबरीचा विचार करावयाचा आहे, आणि तो रत्नागिरीच्या बाजूने करावयाचा आहे.

२

विवेचनाला निमित्त झाले ते पाली येथील एका लहानशा वाचकमंडळाचे. पाली हे गाव रत्नागिरीहून हातखंब्यामार्गे वीसेक किलोमीटरांवर, मुंबई-गोवा महामार्गापासून कोल्हापूरचा रस्ता फुटतो तेथे वसलेले आहे. १८२८ पासूनच्या वाचनालयाचा अभिमान सांगणाऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणाशी त्याचा रोजचा राबता आहे. मंडळात काही शिक्षक, काही निवृत्त नोकरदार व काही गृहिणी आहेत. आंग्ल लेखिकांच्या कादंबऱ्या क्रमाने वाचावयाच्या असे ठरले, तेव्हा पहिली अडचण प्रतींची आली आणि दुसरी भाषेची. दोहोंवर एकच तोड निघाली : एकाने प्रकरण वाचून यावे, मराठीत ते सविस्तर सांगावे, महत्त्वाचे उतारे तेथल्या तेथे उलगडून दाखवावेत आणि मग चर्चा व्हावी. चातुर्मासात पोथी सांगण्याची जी रीत आपल्याकडे आहे, तीच या विदेशी कादंबऱ्यांना लागू झाली.

या रीतीचा एक परिणाम टीकेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. एकटा वाचक पुस्तक मिटतो तेथे त्याचे वाचन संपते. श्रोता मात्र पोथी संपल्यावर हमखास विचारतो, की पुढे काय झाले? ऑस्टिन, शार्लट ब्राँटी, गॅस्केल या क्रमाने वाचीत मंडळ विसाव्या शतकाकडे आले आणि फ्रिनिविड टेनिसन जेसी हिची 'द लॅकर लेडी' ही १९२९ सालची कादंबरी निवडली गेली, ती मुख्यतः तिच्यात थिबा राजा आहे एवढ्याच कारणाने. थिबा पॅलेस ज्यांनी लहानपणापासून पाहिलेला आहे अशा श्रोत्यांना मंडालेच्या दरबाराची हकीकत ऐकावयाची होती. ती ऐकून झाल्यावर एका वयस्क बाईंनी प्रश्न केला : ही राणी आपल्याकडे तीसच्या वर वर्षे राहिली, तिच्या घरी भाजी कोण आणून देत होते, ते या पुस्तकात आहे काय? प्रश्न ऐकून मंडळी हसली. परंतु या कादंबरीवर आजवर झालेल्या चर्चेत जी दिशा सहसा धरली गेलेली नाही, ती या प्रश्नात होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

३

जेसी (१८८८–१९५८) ही कविवर्य टेनिसन यांच्या बहिणीची नात. ज्या आर्थर हॅलमच्या मृत्यूने टेनिसनचे विख्यात शोककाव्य जन्मास आले, त्याच्याशी वाङ्निश्चय झालेली एमिली टेनिसन ही तिची आजी. परंतु जेसीचे स्वतःचे लेखन या काव्यमय वारशापासून फार दूरचे आहे. तिने पहिल्या महायुद्धात वार्ताहर म्हणून काम केले, गाजलेल्या ब्रिटिश फौजदारी खटल्यांच्या मालेतील काही खंड संपादिले, आणि १९२४ साली खुनामागील हेतूंचे वर्गीकरण करणारा एक ग्रंथ लिहिला. लाभ, सूड, अडसर दूर करणे, मत्सर, हत्येची विकृत लालसा व तत्त्वनिष्ठा असे सहा हेतू तिने त्यात मानले आहेत. १९३४ साली आलेली तिची 'अ पिन टू सी द पीपशो' ही कादंबरी एका प्रत्यक्ष खटल्यावर आधारलेली आहे. ब्रह्मदेशाचा तिचा अभ्यासही वरवरचा नव्हता. १९४६ साली तिने त्या देशाचा इतिहासही लिहिला.

'द लॅकर लेडी'चे कथानक थोडक्यात असे. फॅनी मोरोनी ही इटालियन पित्याची, अंगात ब्रह्मी रक्त असलेली मुलगी. इंग्लंडमधील शाळेत शिकून ती मंडालेस परतते आणि सुपयालत राणीच्या परिवारात युरोपीय मानकरीण म्हणून प्रवेश मिळविते. इंग्रज समाजात तिला दुय्यम स्थान आहे; दरबारात मात्र तिच्या युरोपीय शिक्षणाला किंमत येते. मठात वाढलेला थिबा १८७८ साली गादीवर येतो, १८७९ साली राजकुलातील प्रतिस्पर्ध्यांची कत्तल होते, आणि राजा राणीच्या मुठीत आहे हे सर्वांना कळून चुकते. फॅनीचे एका फ्रेंच माणसावर प्रेम बसते. तो मायदेशी जाऊन दुसरीशी विवाह करून परततो तेव्हा दुखावलेली फॅनी दरबार आणि फ्रेंच यांच्यामधील गुप्त व्यवहाराची बातमी फोडते. ती इंग्रजांच्या हाती पडते आणि १८८५ सालच्या युद्धास निमित्त मिळते. या कथेला मंडालेतील एका प्रत्यक्ष तरुणीच्या आख्यायिकेचा आधार आहे. खुद्द बातमी जिथे पोचल्याचे सांगतात तो इटालियन वकील हा बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचाही प्रतिनिधी होता. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या या कंपनीवर सागवानाच्या प्रकरणी दरबाराने मोठा दंड बसविला होता. तो वाद हे युद्धाचे उघड कारण ठरले.

कादंबरीच्या नावाविषयी एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. 'लॅकर' या शब्दाला मराठीत लाख म्हणण्याचा मोह होतो, आणि कोकणातील वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी उभी राहतात. मंडळात तर लाख म्हणताच कोणी लाक्षागृहाची आठवण काढली. परंतु सावंतवाडीची लाख कीटकजन्य आहे. ती उष्णतेने वितळते. ब्रह्मी कामात एका वृक्षाचा काळा चीक बांबूच्या विणीवर थरावर थर देऊन वाळविला जातो आणि घासून गुळगुळीत केला जातो. वस्तू हलकी, आतून पोकळ, वरून टणक व चकचकीत होते. जेसीला अभिप्रेत असलेली नायिका ही अशी आहे. शाळेतील इंग्रजी वळण, दरबारी रिवाज, युरोपीय वेष, ब्रह्मी अलंकार असे एकावर एक थर तिच्यावर चढत जातात. लाक्षागृहाच्या कल्पनेत जळणे आहे. येथे जळणे नाही, तर कवच घट्ट होत जाणे आहे. फॅनीच्या व्यक्तिरेखेचे यश यातच आहे, की तिच्या हातून राज्य बुडाले तरी तिला स्वतःला त्या घटनेचे आकारमान कधीच नीटसे उमगत नाही.

४

या कादंबरीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मंडळातही निघाला, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. एका साम्राज्याने एक देश गिळला, त्याचे कारण एका मुलीचा प्रेमभंग? इतिहासाची कारणे चूल आणि शेज यांत शोधावयाची आणि राज्यनाशाचे खापर स्त्रीच्या माथी मारावयाचे, ही रीत तर फार जुनी आहे. स्त्रीने लिहिले म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही. शिवाय सुपयालतचे क्रौर्य ज्या रंगात रंगविले आहे, ते रंग विजेत्यांच्या वृत्तपत्रांनी आधीच तयार करून ठेवले होते.

आक्षेपात तथ्य आहे. परंतु ते संपूर्ण कादंबरीला लागू पडत नाही. येथे जेसीचा खुनांचा अभ्यास उपयोगी पडतो. ब्रह्मदेशाचा अंत तिने एखाद्या फौजदारी खटल्याप्रमाणे हाताळला आहे, आणि तिचे स्वतःचे वर्गीकरण लावून पाहिले तर कथेत किमान तीन हेतू स्पष्ट दिसतात. कत्तलीमागे अडसर दूर करण्याचा हेतू आहे, तो राजवाड्याचा. बातमी फोडण्यामागे मत्सर आहे, तो फॅनीचा. आणि युद्धामागे लाभ आहे. तो कंपनीचा व तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या सत्तेचा. पहिले दोन हेतू जेसी अतिशय सूक्ष्मपणे, माणसांच्या चेहऱ्यांसह, दाखविते. तिसरा हेतू तिला ठाऊक आहे. दप्तरे, दंड, सागवान, निर्वाणीचा खलिता हे सर्व कथेच्या परिघात आहे. परंतु त्याला चेहरा नाही. लाभासाठी खून करणाऱ्या सामान्य गुन्हेगाराच्या मनात जी लेखिका इतक्या धिटाईने शिरते, ती लाभासाठी देश घेणाऱ्यांच्या मनात शिरत नाही. या कादंबरीची मर्यादा नेमकी येथे आहे. तिला 'वसाहतवादी' असे एक विशेषण लावून मोकळे होण्यापेक्षा हा असमतोल दाखवून देणे अधिक उपयुक्त होय. कारण दोन हेतूंचे चित्रण इतके नेमके झाल्यामुळेच तिसऱ्याची रिकामी जागा वाचकाला जाणवू लागते.

सुपयालतच्या चित्रणाविषयीही असेच म्हणता येईल. ती क्रूर आहे, हसरी आहे, हट्टी आहे. राजाने दुसरी राणी करू नये यासाठी ती जिवाचे रान करते. ब्रह्मी राजवंशात राजाला अनेक राण्या असणे ही रीत होती. तिथे सवत येऊ न देणारी राणी ही दरबाराच्या दृष्टीने राज्यक्रांतीच होती. जेसीने ही गोष्ट ओळखली आहे. सुपयालतच्या एकपत्नीत्वाच्या आग्रहात प्रेम किती, भीती किती आणि सत्तेचे गणित किती, हे ती वेगळे करून सांगत नाही, आणि तसे सांगत नाही म्हणूनच ती व्यक्तिरेखा जिवंत राहते. १९७९ साली 'विरागो'ने ही कादंबरी पुन्हा छापली तेव्हा नव्या वाचकांना तिच्यातील हे स्त्रीमन प्रथम भावले असल्यास नवल नाही. त्या स्त्रीमनाच्या मागे उभे असलेले राज्य मात्र आपण वाचावयास हवे.

५

या टप्प्यावर मंडळातून एक सूचना आली, आणि तिने सगळ्या चर्चेचा रोख बदलला. आंग्ल लेखिकेने रंगविलेली राणी वाचली. त्याच काळात आपल्याकडील एखाद्या लेखिकेने राणी रंगविली आहे काय? उत्तर फार दूर शोधावे लागले नाही. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ साली, म्हणजे 'द लॅकर लेडी'च्या बरोबर एक वर्ष आधी प्रसिद्ध झालेली आहे. उत्तर सोपे होते. प्रत मिळविणे सोपे नव्हते. जेसीची कादंबरी परदेशातून मागविता आली, काशीबाईंची मात्र ओळखीपाळखीने जुन्या ग्रंथालयांतून शोधावी लागली. उपेक्षेचे मोजमाप करावयाचे तर एवढे पुरेसे आहे.

काशीबाईंचे नाव आपल्या वाङ्मयेतिहासांत नाही असे नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राच्या कर्त्या आणि हरिभाऊ आपट्यांच्या स्नेही या नात्यांनी ते येते. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. विवाहानंतर पतीच्या इच्छेसाठी त्या घरच्यांच्या नजरा चुकवून वाचावयास शिकल्या. 'रंगराव' ही त्यांची कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपाने आली. 'पालखीचा गोंडा' प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. तीत एका संस्थानाची राणी आहे. तिचा पती बुद्धीने अधू असल्यामुळे राज्यकारभार पाहण्यास असमर्थ आहे. राणी कारभार हाती घेते आणि संस्थानात स्त्रियांच्या शिक्षणाच्या व उन्नतीच्या सुधारणा घडवून आणते. स्त्रीच्या हाती राज्य आले तर काय होईल, याचे ते एक सविस्तर स्वप्न आहे.

दोन्ही कादंबऱ्यांची नावे शेजारी ठेवली की एक साम्य डोळ्यांत भरते. दोघींनीही सत्तेजवळच्या स्त्रीसाठी एक शोभेची वस्तू निवडली आहे. लाखकामाचे पात्र काय आणि पालखीचा गोंडा काय, दोन्ही वैभवाची चिन्हे होत. मात्र गोंडा नुसता शोभेचा नसतो. पालखीत बसणारा आधारासाठी तो हाताने धरतो. आणि पालखी कोठे न्यावयाची हे मात्र गोंड्याच्या नव्हे, भोयांच्या हाती असते. वैभवाने मढलेल्या, परंतु स्वतःच्या गतीवर अधिकार नसलेल्या स्त्रीजन्माची ही खूण काशीबाईंनी घरच्या वापरातील शब्दांतून उचलली आहे. आणि कादंबरीत त्यांनी केले आहे ते असे, की तो गोंडाच पालखीची दिशा ठरवू लागतो.

या दोन राण्यांमधील अंतर लेखिकांच्या स्थानांतून आलेले आहे. जेसीची राणी ही सत्तेच्या चवीचे चित्र आहे. काशीबाईंची राणी सत्तेच्या उपयोगाचे. जेसीला सत्ता माणसाचे काय करते हे ठाऊक आहे, म्हणून तिची सुपयालत विसरता येत नाही. परंतु सत्तेने प्रजेचे काय करता येईल हा प्रश्न तिला पडतच नाही. काशीबाईंना नेमका तोच प्रश्न पडला आहे. अहल्याबाई होळकर आणि ताराबाई यांच्या स्मृतीत वाढलेल्या, आणि १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर जमनाबाईंनी सयाजीरावांना दत्तक घेतले ती घटना ज्यांच्या हयातीत घडली, अशा लेखिकेला स्त्रीचा राज्यकारभार ही नवलकथा वाटण्याचे कारण नव्हते. उलट आदर्शचित्रणाच्या कादंबरीत जो दोष येतो तो त्यांच्या कृतीतही आला आहे. राणीला मोह पडत नाही, तिच्या हातून अन्याय घडत नाही; पात्रे पुष्कळदा विचारांची वाहने होतात. सुपयालतच्या रक्तामांसाचा थोडा अंश काशीबाईंच्या राणीला लाभता, आणि काशीबाईंच्या राणीच्या विवेकाची थोडी जाणीव जेसीला असती, तर दोन्ही कृती अधिक समृद्ध झाल्या असत्या.

६

परंतु भेदांपेक्षा महत्त्वाचे असे एक साम्य या दोन कादंबऱ्या एकत्र वाचल्यावाचून दिसत नाही, आणि या लेखाचे मुख्य प्रतिपाद्य ते आहे. दोन्ही कृतींत स्त्री सिंहासनाजवळ पोचते ती पुरुष दुबळा असल्यामुळे. थिबा मठातून आलेला, सौम्य, सहज वळणारा. संस्थानिक बुद्धीने अधू. साम्राज्याच्या दोन बाजूंना, एकमेकींचे नावही न ऐकलेल्या दोन लेखिका एका वर्षाच्या अंतराने लिहीत होत्या. एकीच्या मते स्त्रीचे राज्य म्हणजे विनाश, दुसरीच्या मते उद्धार. तरीही स्त्रीला राज्य देण्यासाठी दोघींनाही आधी पुरुषाची कर्तबगारी काढून घ्यावी लागली. सक्षम पुरुषाच्या बरोबरीने, त्याच्याशी वाद घालीत, कारभार करणारी स्त्री दोघींच्याही कल्पनेत उतरली नाही. एकेकीची कृती स्वतंत्र वाचली असता ही गोष्ट कथानकाची सोय वाटते. दोन्ही शेजारी ठेवल्या की ती त्या काळाच्या कल्पनाशक्तीची सीमा म्हणून कळते.

दुसरेही एक साम्य आहे. दोन्ही राज्यांच्या डोक्यावर ब्रिटिश सत्तेचे छत्र आहे. मंडालेचे राज्य ते छत्र झुगारीत होते म्हणून बुडाले. काशीबाईंचे संस्थान छत्राखाली आहे म्हणून त्याला सुधारणांची मुभा आहे. काशीबाईंचे स्वप्न ज्या जमिनीवर उभे आहे, ती जमीन कशी हिसकावली जाते हे जेसीच्या कादंबरीत घडताना दिसते. या दृष्टीने 'द लॅकर लेडी' ही 'पालखीचा गोंडा'ची न लिहिलेली प्रस्तावना ठरते.

आता पालीच्या श्रोत्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. १८८५ च्या नोव्हेंबरअखेर राजा-राणीला मंडालेहून नदीवाटे नेण्यात आले. रंगून व मद्रास येथून ती १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीस आली. धाकट्या राजकन्येचा जन्म १८८७ साली रत्नागिरीतच झाला. १९१० साली नवा राजवाडा पुरा झाला, १९१६ साली थिबाचा अंत झाला, आणि १९१९ साली राणी ब्रह्मदेशास परत गेली. १९२५ साली ती रंगूनमध्ये वारली. थोरल्या राजकन्येची मुलगी मात्र रत्नागिरीतच राहिली, येथल्याच मराठी घरात नांदली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथेच जगली. जेसीचा विषय मंडालेचा दरबार हा आहे. रत्नागिरीतील तेहतीस वर्षांचा हा संसार तिचा विषय नव्हे. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या २००० सालच्या कादंबरीने तो काही अंशी चित्रित केला, आणि सुधा शाह यांच्या २०१२ सालच्या चरित्रग्रंथाने त्याची साधार हकीकत दिली. ज्या राणीने सवत येऊ दिली नाही, तिने सत्ता गेल्यावर परक्या गावात, परक्या भाषेच्या नोकरांकरवी, चार मुलींचे घर कसे चालविले? भाजी कोण आणीत होते हा प्रश्न, नीट पाहिले असता, राज्य नसलेल्या राणीचा कारभार कसा चालतो हा प्रश्न आहे. जेसीच्या राणीला कारभार नव्हता, केवळ सत्ता होती. काशीबाईंच्या राणीला कारभार होता, परंतु तिची सत्ता कधी हिरावली गेली नाही. प्रत्यक्षातील सुपयालतला दोन्ही अनुभव आले, आणि त्यांतील दुसरा आमच्या जिल्ह्यात आला.

येथे एक शंका संभवते. स्थानिक जिव्हाळ्यापोटी एका मध्यम प्रतीच्या कादंबरीला अवास्तव महत्त्व दिले जात नाही ना? शंका योग्य आहे. 'द लॅकर लेडी' ही 'मिडलमार्च'च्या तोडीची आहे असा दावा येथे मुळीच नाही, आणि 'पालखीचा गोंडा'ला 'पण लक्षात कोण घेतो?'च्या पंक्तीस बसविण्याचाही आग्रह नाही. परंतु उपेक्षित कृतीचे मूल्यमापन करताना आपण केवळ श्रेष्ठत्वाचे माप लावले, तर ज्या मापाने तिला वगळले गेले तेच माप पुन्हा वापरल्यासारखे होते. एखादी कृती आपल्याला कोणता प्रश्न विचारावयास लावते, हे दुसरे माप होय. त्या मापाने या दोन्ही कृती, विशेषतः एकत्र, पुष्कळ श्रेष्ठ मानल्या गेलेल्या कृतींपेक्षा अधिक काम करतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातून एक कार्यक्रम सुचविता येईल. आंग्ल विभागाने विस्मृत ब्रिटिश लेखिका वाचाव्यात आणि मराठी विभागाने विस्मृत मराठी लेखिका, ही वाटणी आपण निमूटपणे स्वीकारलेली आहे. तिच्यामुळे 'विरागो'च्या मालेत जे आले ते आपल्याकडे उपेक्षित म्हणून शिकविले जाऊ लागते, आणि गीता साने यांच्या १९३६ सालच्या 'वठलेला वृक्ष' व 'निखळलेली हिरकणी' या कादंबऱ्या किंवा प्रेमा कंटकांची १९४० सालची 'काम आणि कामिनी' यांना उपेक्षितांच्या यादीतही स्थान मिळत नाही. गीता साने यांच्या १९३६ च्या कादंबऱ्यांबरोबर त्याच वर्षीची विनिफ्रेड होल्टबी हिची 'साउथ रायडिंग' वाचली, तर स्त्री, नोकरी व सार्वजनिक जीवन यांविषयी दोन समाज एकाच वेळी काय कल्पू शकत होते याचा अभ्यास होईल. अशा जोड्या आणखीही निघतील. त्यासाठी प्रथम प्रती हाती यावयास हव्यात. जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या वाचनालयांच्या दाखलनोंदी तपासून १९५० पूर्वीच्या मराठी स्त्री-कादंबऱ्यांपैकी कोणत्या कोठे शिल्लक आहेत, याची सूची करणे हे एखाद्या प्रबंधाच्या तोलाचे काम आहे, आणि जीर्ण कागद त्यासाठी फार काळ थांबणार नाही.

पालीच्या मंडळाने पुढील बैठकीसाठी 'रंगराव' घेतली आहे. तिची प्रत अद्याप मिळावयाची आहे.